हात पोचत नाही तेव्हा : एका नर्सचं प्रकरण

रमजानमध्ये भायखळ्याच्या आमच्या समुपदेशन केंद्रात दुपारी फारसं कुणी येत नाही. रोजेदार माणूस उन्हात बाहेर पडायला नाखूष असतो, आणि चार वाजल्यानंतर प्रत्येकाला इफ्तारची घाई. म्हणून २० मार्च २०२५ च्या दुपारी साडेतीनला दार ढकलून एक मुलगी आत आली आणि काही न बोलता खुर्चीवर बसून राहिली, ते माझ्या चांगलंच लक्षात आहे.

तिला इथे रुबीना म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय एकोणतीस, एका मोठ्या रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात स्टाफ नर्स. राहायला कुर्ल्यात, आईवडील आणि धाकट्या भावाबरोबर. मूळ गाव श्रीवर्धनकडचं. घरात कोकणी, कामावर मराठी. मीही चिपळूणकडची कोकणी मुसलमान, त्यामुळे 'मॅडम'पासून सुरुवात करून ती दहा मिनिटांत 'आपा'वर, म्हणजे ताईवर, आली.

तिला तिच्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरने पाठवलं होतं. कारण एकच, आणि ते फार बोलकं होतं. आठवड्यात तिसऱ्यांदा रुबीनाला बाळाची आयव्ही लावता आली नव्हती. सात वर्षं ती हे काम करतेय. बाकीच्यांना शीर सापडली नाही की लोक तिला हाक मारतात. आता सुई हातात घेतली की हात थरथरायचा. तिसऱ्या वेळी तर ती ट्रे तसाच टाकून बाहेर जिन्यात जाऊन बसली.

ती काय सांगत होती

तिच्या सांगण्यातल्या तारखा मी तशाच लिहून घेतल्या होत्या. २ मार्चला आपल्याकडे पहिला रोजा होता. त्याच दिवशी गाझात जाणारी सगळी मदत इस्रायलने अडवली. "आपा, आपण पहिली सहरी केली आणि तिकडचं पीठ बंद झालं." त्यानंतर तिचा इफ्तार म्हणजे एक खजूर आणि पाणी. आई समोर ताट ठेवायची, ती उठून आत जायची. १८ मार्चच्या पहाटे तिने फजरची नमाज आटोपून फोन हातात घेतला आणि बातम्या यायला लागल्या. युद्धविराम मोडला होता. त्या एका रात्रीत चारशेच्या वर माणसं मारली गेली, त्यात कितीतरी मुलं. त्या दिवशी ती ड्युटीवर गेली, आणि आयव्ही पहिल्यांदा चुकली ती त्याच दिवशी.

झोप तीन तासांवर आली होती. वजन साडेचार किलोने उतरलं होतं. डोळे मिटले की व्हिडिओतली मुलं दिसत. बाळाला उचलून घ्यायची वेळ आली तर ती काहीतरी कारण काढून दुसऱ्या नर्सला पुढे करी. व्हॉट्सॲपवर आलेल्या एका लिंकवरून तिने चार हजार रुपये पाठवले होते. दोन दिवसांनी ती लिंकच गायब झाली. भावाने चिडून फोन काढून घेतला, तेव्हा ती त्याच्याशी चार दिवस बोलली नव्हती.

जीव द्यायचे विचार येतात का, हे मी सरळ विचारलं. असं विचारल्याने ते विचार डोक्यात येतात ही गैरसमजूत आहे, विचारायलाच हवं. ती म्हणाली, तसं नाही, पण सकाळी उठावंसं वाटत नाही. त्याच आठवड्यात मी तिला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवलं. झोपेसाठी काही आठवडे औषध सुरू झालं. रात्री-अपरात्रीसाठी टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर तिच्या फोनमध्ये घालून दिला. पुढे जे दीनाबद्दल, म्हणजे धर्माबद्दल, लिहिणार आहे ते या उपचाराच्या जागी झालेलं नाही, बरोबरीने झालेलं आहे.

पण तिची खरी गाठ औषधाने सुटणारी नव्हती. तिने दोन हदीस, म्हणजे पैगंबरांची वचनं, माझ्यापुढे ठेवल्या. पहिली सगळ्यांना ठाऊक असलेली: मोमीन, म्हणजे श्रद्धावान, एकमेकांवरच्या माया-ममतेत आणि दयेत एका शरीरासारखे असतात, एक अवयव दुखला की सगळं शरीर जागरणाने आणि तापाने त्याला साथ देतं. रुबीनाचा प्रश्न असा, की मग मला झोप लागली तर मी त्या शरीराबाहेर गेले का? दुसरी: वाईट दिसलं तर ते हाताने बदला, जमलं नाही तर जिभेने, तेही जमलं नाही तर मनात तरी वाईट माना, आणि हा इमानाचा, म्हणजे श्रद्धेचा, सर्वांत कमजोर दर्जा. "मी त्या शेवटच्या पायरीवर बसलेय, आपा. बसून फोन बघतेय."

माझी चूक

पहिल्या भेटीत मी तिला तेच सांगितलं जे अशा वेळी आम्ही सगळेच सांगतो. व्हिडिओ बघणं थांबव, बातम्या दिवसातून एकदा, त्याही वाचून. माझ्याकडे आधारही होता. २०१३ मध्ये बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की पुढच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त ती दृश्यं बघणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष जागेवर असलेल्यांहूनही जास्त होती. मी तिला हे समजावून सांगितलं. शास्त्र म्हणून त्यात काही चूक नव्हतं.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे ते मरताना मी बघायचंपण नाही?"

पुढची भेट तिने रद्द केली.

मी त्या वाक्याचा विचार करत राहिले. बघणं ही मी सवय समजत होते, ते तिच्यासाठी साक्ष देणं होतं. ज्यांचं कुणी बघत नाही त्यांचं मी तरी बघते, एवढं तरी माझ्याकडून. म्हणजे ती एका अर्थी इबादत, उपासना, करत होती. फक्त या इबादतीला वेळ नव्हती, रीत नव्हती, सलाम फेरून उठायची जागा नव्हती. नमाजला रकातींचा, म्हणजे आवर्तनांचा, हिशोब असतो, रोज्याला मगरिब, सूर्यास्ताची वेळ, असते. फोनला काहीच नाही. आणि मी तिच्या हातातून ते एकुलतं एक काम काढून घेत होते, बदल्यात काहीही न देता.

इथे मला आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे, कारण ती तिला घरात, ट्रेनमध्ये, वॉर्डात सगळीकडे ऐकवली जात होती: "तिकडचं कशाला, आधी इथलं बघा." बहुतेक वेळा हे वाक्य दुसऱ्याला गप्प करण्यासाठी वापरलं जातं, आणि बोलणारा इथलंही काही बघत नसतो. दुःखाला अंतराचा दाखला लागत नाही. इथे दुखतंय म्हणून तिथलं खोटं ठरत नाही. रुबीनाशी बोलताना मी हे वाक्य एकदाही वापरलं नाही, आणि पुढे जे घडलं ते या वाक्याचा पुरावा म्हणून कुणी वाचू नये.

वडिलांचं बोलणं

ईद ३१ मार्चला झाली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रुबीनाने स्वतःहून फोन केला. या वेळी वडिलांना घेऊन आली. मी बोलावलं नव्हतं, तेच म्हणाले होते की मला यायचंय.

वडील निवृत्त खलाशी. आमच्या कोकणी मुसलमानांत कितीतरी घरांतली माणसं बोटीवर होती, तसेच हेही. टोपी मांडीवर ठेवून बसले आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, सुदानच्या बातम्या ही दाखवते तेव्हा मला पोर्ट सुदान आठवतं. १९८८ साली त्यांची बोट त्या बंदरात असताना एजंटाकडून तार आली, आई गेली. गावी दफन त्याच दिवशी उरकलं होतं. बोट सुटायला आणखी नऊ दिवस होते, आणि तिथून मुंबई.

"काय केलंत तुम्ही?" मी विचारलं.

"गायबाना नमाज-ए-जनाजा पढलो. डेकवर. आम्ही पाच कोकणी होतो."

रुबीनाने हे पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. ती वडिलांकडे बघतच राहिली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मय्यत समोर नसताना दुरून जनाज्याची, म्हणजे अंत्यसंस्काराची, नमाज पढणं हनफी पंथाच्या मंडळींत नाही. आम्ही कोकणी शाफई पंथाचे, आमच्यात आहे. तिचा आधार नजाशीचा. मक्केत छळ सोसवेना तेव्हा काही मुसलमान समुद्र ओलांडून हबशाला, म्हणजे आजच्या इथिओपिया-एरिट्रियाच्या बाजूला गेले, आणि तिथल्या ख्रिस्ती राजाने त्यांना आसरा दिला. तो नजाशी पुढे वारला तेव्हा पैगंबर (स.) मदिनेत होते. मध्ये तांबडा समुद्र. त्यांनी सहाबांना, आपल्या सोबत्यांना, घेऊन नमाजची रांग लावली आणि त्याच्यासाठी नमाज पढली.

"मी पण त्याच समुद्रावर उभा होतो," वडील म्हणाले. "पलीकडच्या बाजूला."

मग मुलीकडे वळून, अगदी साध्या आवाजात: "नमाज पढल्यावर मी खाली जाऊन इंजिनरूमची पाळी केली, बाय. आईसाठी दुसरं काय करणार होतो? पण काही केलं नाही असं मला कधी वाटलं नाही."

समुपदेशनाच्या पुस्तकात याला काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण त्या क्षणी मी वहीत काही लिहिलं नाही. माझ्या ध्यानात आलं, की मी तीन आठवडे शोधत होते ते या माणसाने त्या तीन वाक्यांत ठेवलं होतं. ज्यांच्यापर्यंत हात पोचत नाही त्यांच्यासाठी करायचं काम दीनात आहे, त्याची ठरलेली रीत आहे, आणि ते करून झाल्यावर माणूस उठून पाळीवर जाऊ शकतो.

कुनूत आणि जकात

पुढचं काम मी केलं नाही, ते त्यांच्या मोहल्ल्यातल्या मौलानांनी केलं. मी फक्त रुबीनाला म्हटलं की तुझ्या दोन हदीस त्यांच्यापुढे ठेव. जिथे माझं ज्ञान संपतं तिथे समुपदेशकाने दीनाचे अर्थ लावत बसू नये असं माझं मत आहे. अर्धवट आयती सांगून दुखऱ्या माणसाला गप्प केल्याची उदाहरणं मी पुष्कळ पाहिली आहेत.

मौलानांनी दुसऱ्या हदीसचं उत्तर आधी दिलं. त्या हदीसमध्ये प्रत्येक पायरीला "जमलं नाही तर" ही अट आहे. जमण्याची हद्द आपण ठरवलेली नाही. कुराणातल्या सूरह बकराच्या शेवटच्या आयतीत तेच आहे, अल्लाह कुणावरही त्याच्या कुवतीबाहेर ओझं टाकत नाही. म्हणून गाझात हात पोचत नाही याचा हिशोब रुबीनाला द्यायचा नाही. "पण जिथे हात पोचतो तिथे तू मनाच्या पायरीवर उतरून बसलीस, त्याचं काय?" असं त्यांनी विचारलं. कठोर प्रश्न होता. तो मी विचारला असता तर ती पुन्हा आली नसती. त्यांनी विचारला तेव्हा ती रडली, आणि घरी जाऊन जेवली.

मग कुनूत, म्हणजे नमाजमध्ये उभ्याने मागायची दुआ. आम्ही शाफई फजरच्या दुसऱ्या रकातीत रुकूतून, म्हणजे वाकलेल्या स्थितीतून, उठल्यावर रोजच कुनूत पढतो, "अल्लाहुम्महदिनी"पासून. लहानपणापासून तोंडपाठ, त्यामुळे अर्थाकडे लक्ष जात नाही. मौलानांनी तिला संकटकाळातल्या कुनूतची, कुनूत-ए-नाजिलाची गोष्ट सांगितली. मक्केत काही मुसलमान कैदेत अडकले होते. पैगंबर मदिनेत, तिथे पोचायचा मार्ग नाही. तेव्हा ते नमाजमध्ये त्यांची नावं घेऊन दुआ करत: वलीद बिन वलीद, सलमा बिन हिशाम, अय्याश बिन अबी रबीआ, आणि सगळे दुबळे मोमीन, यांना सोडव. महिनाभर हे चाललं. मग एक दिवस ती दुआ थांबली. सहाबी अबू हुरैरांनी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं: दिसत नाही का तुला, ते आलेत?

या गोष्टीने रुबीनावर जो परिणाम झाला तो मी शब्दांत नीट मांडू शकणार नाही. ती मला फोनवर म्हणाली, "आपा, हुजूरपण पोचू शकत नव्हते." आपलं इमान कमी म्हणून आपण असहाय, असं ती धरून बसली होती. तो गैरसमज तिथे सुटला.

नमाजच्या आत आपल्या भाषेतली दुआ चालत नाही, म्हणून मौलानांनी तिला त्याच हदीसमधले अरबी शब्द पाठ करून दिले, "अल्लाहुम्म अन्जि", आणि पुढे नावं. व्हिडिओंतून तिच्या मनात घर करून बसलेल्या शेकडो चेहऱ्यांतून तिने तीन नावं निवडली. दोन गाझातली, एक सुदानमधल्या दारफुरचं. ती कोणती, मी विचारलं नाही. कोकणीतून जे मागायचं ते सलामनंतर. महिन्याचे जे दिवस नमाज नसते त्या दिवसांत ती जास्त तुटल्यासारखी व्हायची, हे तिने मला एकटीला सांगितलं होतं. त्या दिवसांत दुआला मनाई नसते हे तिला ठाऊक होतं, पण कुणीतरी सांगायला हवं होतं.

पैशाचाही प्रश्न होताच. तिच्या साठवलेल्या २,४०,००० रुपयांची अडीच टक्क्यांनी ६,००० जकात, म्हणजे दीनाने बंधनकारक केलेलं दान, निघत होती. ती सगळी बाहेरदेशी पाठवायची असा तिचा हट्ट. इथे आमचा मजहब, म्हणजे शाफई पंथ, आडवा येतो. पैगंबरांनी मुआज यांना यमनला पाठवलं तेव्हा सांगितलं होतं, की तिथल्या श्रीमंतांकडून घेऊन तिथल्याच गरिबांना द्या. त्यावरून शाफईंमधलं प्रचलित मत असं, की हक्कदार गावात असताना जकात गावाबाहेर नेऊ नये. सदका, म्हणजे ऐच्छिक दान, मात्र कुठेही, कुणालाही. तेव्हा जकात कुर्ल्यातल्या एका विधवेच्या घरी गेली. आईच्या बांगड्या मोडायचा विचार तिने सोडला. गाझासाठी दरमहा पगारातून एक रक्कम बाजूला ठेवायची ठरवली, आणि ती देण्याआधी घेणारी संस्था नीट तपासायची जबाबदारी भावाने घेतली. त्यांचं बोलणं तिथून पुन्हा सुरू झालं.

पट्टी

मे महिन्यात तिच्या वॉर्डात मोखाड्याकडून एक मूल आलं. पावणेदोन वर्षांचं, तीव्र कुपोषण, जोडीला न्यूमोनिया. अशा मुलांच्या दंडाचा घेर एका तिरंगी पट्टीने मोजतात: लाल, पिवळा, हिरवा. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली लाल, साडेबाराच्या वर हिरवा. रुबीनाने ती पट्टी शेकडो वेळा वापरली आहे. त्या दिवशी तिने ती मुलाच्या दंडाभोवती घातली, आणि गाझातल्या एका दवाखान्याच्या व्हिडिओत एका नर्सच्या हातात हीच पट्टी पाहिल्याचं तिला आठवलं. तसंच टोक खाचेतून ओवून घेणं, तसंच अंगठ्याने दाबून आकडा बघणं.

मुलाचा दंड दहा पूर्णांक आठ.

ती मला म्हणाली, मार्च असता तर मी पळून गेले असते. त्या दिवशी ती थांबली. अशा मुलाला एकदम पोटभर देता येत नाही, त्याने जीव जाऊ शकतो. एफ-७५ नावाचं पातळ दूध असतं, ते थोडं थोडं, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. तिने मागून रात्रपाळी घेतली. आयव्हीही तिनेच लावली, दुसऱ्या प्रयत्नात. हात थरथरला का, मी विचारलं. "थरथरला. पण लागली."

जर्मनीत लाइपझिगच्या मॅक्स प्लांक संस्थेत तानिया सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं दाखवलं आहे, की दुसऱ्याची वेदना फक्त स्वतःत ओढून घेत राहिलं की माणूस आतून खचतो, आणि त्याच वेदनेकडे ममतेने, त्याचं बरं व्हावं या इच्छेने बघायचा सराव केला की मेंदूतलं वेगळंच जाळं जागं होतं आणि माणूस टिकतो. मी हे प्रशिक्षणात कित्येकदा सांगितलं आहे. आता सांगताना माझ्या डोळ्यांसमोर ते दोन-दोन तासांचं दूध येतं. अरबीत दयेला रहमत म्हणतात आणि गर्भाशयाला रहिम. शब्दांचं मूळ एकच. पोटात वाढवण्याचं काम दर तासाचं असतं, एका रात्रीत उरकत नाही.

त्या मुलाच्या आईला गावी परतायला एसटीचे आणि पुढच्या जीपचे पैसे रुबीनाने सदक्यातून दिले. सदक्याला धर्माची अट नाही. जायच्या दिवशी दंड अकरा पूर्णांक सात होता. पट्टीवर पिवळा.

आजची स्थिती

सगळं बरं झालं असं लिहिणं खोटं ठरेल. २२ ऑगस्टला गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ असल्याचं आयपीसी या अन्नटंचाई मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने जाहीर केलं, तेव्हा रुबीना दोन रात्री झोपली नाही. तिसऱ्या दिवशी मनोविकारतज्ज्ञांना स्वतः फोन केला. ऑक्टोबरच्या शेवटी सुदानच्या दारफुरमधलं अल-फाशेर शहर पडलं तेव्हा तिने मला रात्री साडेबाराला मेसेज टाकला, एकच ओळ, "आपा, दारफुर." मी फोन केला. आम्ही दहा मिनिटं बोललो, बरीचशी मिनिटं गप्पच. बातम्या ती अजून बघते, संध्याकाळी एकदा, वाचून. ते मी सांगितल्यामुळे झालेलं नाही. फजरमध्ये नावं घेऊन झाल्यावर दिवसभर फोन चाचपायची गरज कमी झाली, असं तीच म्हणते. वजन तीन किलो परत आलं आहे. तिची झोप साधारण साडेपाच तासांची आहे, तीही मला पुरेशी वाटत नाही.

१० ऑक्टोबरला गाझात युद्धविराम लागू झाला, तेव्हा मी तिला विचारलं होतं, आता कुनूत थांबवायची का, मौलानांना विचारलंस का?

तिने विचारलं नव्हतं. ती ड्युटीवरून सरळ माझ्याकडे आली होती, पर्सच्या बाजूच्या कप्प्यातून ती तिरंगी पट्टी डोकावत होती.

"ते कुठे आलेत अजून, आपा?"